एका खाटेची खोली

१९ सप्टेंबर, शुक्रवार

डॉक्टरांना उत्तर हवंय ते एकोणतीस तारखेला, सोमवारी सकाळी. हो किंवा नाही. हो म्हटलं तर वॉर्डातली खाट ह्यांच्या नावावर राहील आणि औषधाचा दुसरा फेरा सुरू होईल. नाही म्हटलं तर ती खाट दुसऱ्या कुणाला देतील. सांगताना डॉक्टर टेबलावरचं पेन उगाच सरळ करत होते. दुसऱ्या फेऱ्याने काय होईल, असं मी विचारलं. म्हणाले, काही महिने मिळू शकतील. पहिल्या फेऱ्याने काय झालं ते मी रोज बघतेच आहे. ह्यांचा शर्ट अंगापेक्षा खुंटीवर जास्त भरलेला दिसतो.

मी हो म्हणणारच होते, तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात हे म्हणाले, "आधी तळ्यावर जाऊन येतो, मग सांगतो." डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. त्यांना काय माहीत आमचं तळं. लग्नानंतर दर सप्टेंबरात आम्ही तिथे जायचो, हंगाम संपला की, गर्दी ओसरली की. मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या, मग लेकीचं लग्न, मग तिचं बाळंतपण. पुढच्या वर्षी जाऊ, पुढच्या वर्षी जाऊ म्हणता म्हणता नऊ वर्षं झाली.

लेकीने फोनवर विचारलं, आई, तू कशी आहेस. बरी आहे म्हटलं. खरं सांगायचं तर मी कशीच नाही. नोकरीचा सगळा जन्म मी दातांच्या दवाखान्यात कवळ्या बनवण्यात घालवला. दात काढायला आलेल्या माणसाला इंजेक्शन दिलं की तो आरशात बघत बसतो, ओठ जागेवर आहे की नाही ते बोटाने चाचपतो. रिपोर्ट आला त्या दिवसापासून माझं तसं झालंय. रडू येत नाही, राग येत नाही, भूक लागत नाही पण जेवते. सिस्टरनी ह्यांचा ताप लिहायला ही डायरी दिली, तर तापाबरोबर हेही लिहून ठेवते. ताप नव्याण्णव.

तळ्यावर जायचं आणि ह्यांच्याकडून हो वदवून घ्यायचं, एवढंच माझं काम. तळंबिळं मला काही नको.

२१ सप्टेंबर, रविवार

पोचलो.

निघताना बसची वेळ होत आली आणि ह्यांना शाळा सुचली. पाण्याचा मुख्य नळ कुठे आहे ते मला माहीत नाही हे ह्यांना आजच कळलं. इतकी वर्षं ह्या घरात राहतेस, म्हणाले, आणि नळ माहीत नाही. मला ओट्याखाली वाकायला लावलं, नळ बंद करायला लावला, परत उघडायला लावला, परत बंद करायला लावला. मग मीटरच्या फळीवर कुठला फ्यूज कुठल्या खोलीचा ते दाखवलं. मग कुलूप मी लावायचं, किल्ल्या मी सांभाळायच्या, बसचं तिकीट मी काढायचं. आजारी माणसाला आयतं बसायची सवय लागते म्हणतात ती खोटी नाही. मी चकार शब्द काढला नाही. वाद घालायचा तर सोमवारच्या गोष्टीवर घालायचा, बाकी सगळीकडे पडतं घ्यायचं असं ठरवून आले आहे.

आम्ही दर खेपेला उतरायचो ते मालकीणबाईंचं घर तेच, पण जिन्याला नवे कठडे आले आहेत आणि बैठकीत मोठा टीव्ही. भिंतीला रंग दिलाय, औषधाच्या गोळीचा असतो तसा गुलाबी. कारभार आता त्यांच्या सुनेकडे आहे. आमची जुनी खोली मिळाली, खालची, तळ्याकडे दार असलेली. दोन खाटा आणि मध्ये तेच डुगडुगणारं टेबल. ह्यांनी आल्या आल्या टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी सरकवली. जुनी घडी अजून तिथेच होती, पण दबून पातळ झालेली.

दार उघडून तळं बघितलं. वाटलं होतं, बघितल्यावर तरी काहीतरी होईल. काही झालं नाही. तळं होतं.

ताप नाही. अर्धा पाव, थोडं सूप.

२२ सप्टेंबर, सोमवार

मालकीणबाई दिवसभर बैठकीतल्या खुर्चीत असतात. आता कमी ऐकू येतं. मला वाटलं होतं ओळखणार नाहीत, पण हे समोर जाऊन उभे राहिले तशा लगेच म्हणाल्या, "भांडखोर जोडपं आलं का?" घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

ह्या नावामागची गोष्ट अशी. वल्ही मारणारा माणूस होडीत उलटा बसतो. होडी जाते त्या दिशेला त्याची पाठ असते, त्यामुळे समोर बसलेल्याने त्याला सांगायचं, इकडे ओढ, तिकडे ओढ. पहिल्या वर्षी मी डावा-उजवा म्हणून बघितलं. माझा डावा तो ह्यांचा उजवा, त्यामुळे आम्ही लव्हाळ्यात शिरलो आणि खरंच भांडलो. मग ह्यांनी युक्ती काढली. ह्यांच्या डाव्या हातात घड्याळ, उजव्या हातात लग्नातली अंगठी. मी "घड्याळ" म्हटलं की डावा हात ओढायचा, "अंगठी" म्हटलं की उजवा. वाऱ्यात ऐकू जात नाही म्हणून मी ओरडायची. काठावरच्या लोकांना वाटायचं, ही बाई भर तळ्यात नवऱ्याकडून दागिने मागतेय. हे मला कप्तान म्हणायला लागले ते तेव्हापासून. ह्यांची सगळी नोकरी लिफ्टच्या देखभालीत गेली. म्हणायचे, बारा महिने मी लोकांना वर-खाली करतो, आडवं जायची मजा फक्त इथेच.

आज होडीवाल्याला भेटलो. तोच आहे, गुडघा गेलाय बिचाऱ्याचा. त्याने आता पायाने चालवायच्या प्लास्टिकच्या होड्या ठेवल्या आहेत, बदकाच्या आकाराच्या. वल्ह्यांच्या दोनच उरल्या, आणि त्याही कुणी मागत नाही म्हणाला. ह्यांनी त्याला आजारपणाचं काही सांगितलं नाही. त्याने ह्यांच्याकडे बघितलं आणि विचारलंही नाही.

बाकावर बसून मी विषय काढला, की सोमवार जवळ आलाय. हे म्हणाले, आज सोमवारच आहे. विनोद करून सुटतात नेहमी. मी हात टेकले.

२४ सप्टेंबर, बुधवार

ताप नाही. आज एक उकडलेलं अंडं पूर्ण.

दुपारी होडी काढली. मला वाटलं होतं होडीवाला वल्ही मारेल आणि आम्ही बसू. हे सरळ माझ्या जागेवर जाऊन बसले, मागच्या फळीवर, आणि मधल्या फळीकडे बोट दाखवून म्हणाले, "बस. आज तू ओढ." मला येत नाही म्हटलं, तर म्हणाले, मलाही येत नव्हतं. होडीवाला काठावरून तमाशा बघत होता, त्याच्यासमोर काय वाद घालायचा. बसले.

वल्ही वाटतात तेवढी जड नसतात, पण दोन्ही एका वेळी पाण्यात पडत नाहीत. एक खोल जातं, दुसरं वरच्या वर हवेत फिरतं. ह्यांनी मला शिव्या दिल्या नाहीत एवढंच. थोडं जमायला लागलं तसे म्हणाले, "घड्याळ." मी ओढलं. "घड्याळ!" मी जोरात ओढलं. "अगं, घड्याळ, घड्याळ!" आणि आम्ही बदकांच्या रांगेत जाऊन आदळलो. एक बदक सुटून एकटंच निघालं आणि होडीवाल्याला लंगडत त्याच्यामागे जावं लागलं.

चूक माझीच, आणि नव्हतीही. मी डावखुरी. कवळ्यांच्या साच्यांचं प्लास्टरचं काम डाव्या हाताने करायची, म्हणून माझं घड्याळ पहिल्यापासून उजव्या मनगटावर. हे घड्याळ म्हणत होते ते स्वतःचं, मी ओढत होते माझं. इतक्या वर्षांत हे आमच्या लक्षात आलं नव्हतं, कारण मी कधी त्या फळीवर बसलेच नव्हते.

हे हसले. खूप हसले, मग खोकला आला, मग परत हसले. पहिल्या फेऱ्यानंतर ह्यांना असं हसताना मी बघितलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. मी बघत राहिले आणि ह्यांच्या खालच्या दाढेचं फिलिंग सैल झालंय हे मनात नोंदवलं.

मग ह्यांनी स्वतःचं घड्याळ काढलं आणि माझ्या डाव्या मनगटावर बांधलं. पट्ट्याला ह्यांनी खिळ्याने नवीन भोक पाडलं होतं, त्या भोकात ते मला अगदी बेतशीर बसलं. माझं काढून मी पिशवीत टाकलं. दोन घड्याळं घालून बसले असते तर होडीवाल्याने आणखी दात काढले असते. अंगठी आता दोघांच्याही हातात नाही. ह्यांची सैल होऊन घरी डबीत, आणि माझी प्लास्टर लागतं म्हणून केव्हाच गळ्यातल्या साखळीत. तरी उजवा हात तो अंगठीच.

परतताना एकदाही आदळले नाही. घड्याळ परत द्यायचं राहून गेलं. ह्यांनी मागितलंही नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार

आज चांगली बातमी आहे, म्हणून आधी ती लिहिते.

जिन्यात सूनबाई भेटली, चादरींचा गठ्ठा घेऊन. म्हणाली, काकू, काकांनी पुढच्या सप्टेंबरसाठी खोली सांगून ठेवली आहे, तारखा ह्याच. माझा कानांवर विश्वास बसेना. पुढच्या वर्षीची खोली ठरवतो तो माणूस औषध घेणारच. मला न सांगता मनाशी ठरवून मोकळे झालेत, आणि मी इकडे काय बोलायचं ह्याची उजळणी करत बसले आहे. ह्यांचं पहिल्यापासून असंच. स्कूटर घेतली तेव्हाही आधी दारात आणून उभी केली आणि मग विचारलं, घ्यायची का.

फक्त सूनबाईने खोलीचा घोळ घातला होता. म्हणाली वरची, जिन्याजवळची, एका खाटेची. मी हसले. म्हटलं, "एका खाटेवर आम्ही दोघं मावणार कसे गं? आमची खालचीच राहू दे." ती चादरीचं टोक दुमडत राहिली. मग म्हणाली, बरं काकू, खालचीच ठेवते, आणि लगबगीने आत गेली. संध्याकाळी न सांगता खोलीवर चहा घेऊन आली, वर बिस्किटंही. मुलगी कामसू आहे, पण जरा विसराळू दिसते.

लेकीला फोन करून सांगितलं की बाबा तयार आहेत असं दिसतंय. ती एवढ्या जोरात श्वास सोडून मोकळी झाली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. ह्यांना मात्र खोलीचं मला कळलं हे मी सांगितलं नाही. आपणहून सांगू देत.

दुपारी परत होडी. आता हे क्वचितच बोलतात. मध्येच एखादं "अंगठी", बस. ह्यांनी मला होडी काठाला कशी लावायची, दोर कसा बांधायचा तेही शिकवलं. गाठ तीनदा सुटली. चौथ्यांदा बसली तेव्हा ह्यांनी ती ओढून बघितली, लिफ्टचा दोर बघायचे तशी, आणि मान हलवली.

हात दुखताहेत.

२७ सप्टेंबर, शनिवार

काल काही लिहिलं नाही. ह्यांना उलट्या झाल्या, दिवसभर पडून होते. ताप एकशे एक. सूनबाईने बादली, टॉवेल सगळं न मागता आणून दिलं. मालकीणबाई दारापर्यंत येऊन गेल्या आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलल्या, त्यामुळे काय म्हणाल्या ते मला कळलं नाही.

आज ताप उतरला. उशीला टेकून बसले, तेव्हा मी विचारलंच. खोलीचं गुपित ते कधी फोडतील ह्याची वाट बघून मी कंटाळले होते, आणि काल रात्रीच्या अवतारानंतर मला धीर धरवेना. म्हटलं, सोमवारी काय सांगायचं?

"तू काय म्हणतेस?"

"हो म्हणा."

"मग हो."

एवढंच. मी इतके दिवस मनात भाषण घोकत होते. लेकीचं नाव काढायचं, नातवाचं नाव काढायचं, अगदी पाणी डोक्यावरून गेलं तर रडून दाखवायचं, तेही जमलं तर. त्यातलं काहीच लागलं नाही. मला वाटलं चेष्टा करताहेत. म्हटलं, मनापासून म्हणताय ना?

"होडीत कधी तुझ्या शब्दाबाहेर हात मारलाय का मी? तू म्हणशील तिकडे." मग म्हणाले, "तिथल्या खाटेवरून समोर फक्त भिंत दिसते. तेवढं एक बघ, जमलं तर. दुसऱ्या बाजूची दे म्हणावं."

सांगेन म्हटलं. खिडकीजवळची खाट मागून घेऊ. हे म्हणाले, त्या वॉर्डाला खिडकी नाही. मी इतके महिने तिथे बसले, आणि खिडकी नाही हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

हे तळ्याकडे तोंड करून झोपले. मी लेकीला फोन केला, पक्कं झालं म्हणून सांगितलं. ती रडली, आनंदाने. मग मला काम उरलं नाही. ज्यासाठी आले होते ते मिळालं, हवं होतं तेच मिळालं. बसून ह्यांच्या पाठीकडे बघत होते. सदऱ्यातून मणके मोजता आले असते. मोजले नाहीत.

आत काहीही नाही. जिभेने चाचपून बघावं तसं बघितलं, काही नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

सकाळी ऊन चांगलं होतं. हे म्हणाले, बाकापर्यंत चालतो. चालले, दोनदा थांबून. सूनबाईने खुर्चीतली गादी आणून बाकावर घातली आणि मी शाल गुंडाळली. होडीवाल्याने होडी काठाला आणली, तर हे म्हणाले, मी इथेच बसतो, तू एक फेरी मारून ये.

एकटीने कशी जाऊ म्हटलं. सांगायला समोर कोण? म्हणाले, मी काठावरून सांगीन. मला मुळीच जायचं नव्हतं. पण कालपासून ह्यांनी माझं एवढं ऐकलं, तर आपणही एक ऐकावं असं वाटलं. गेले.

आता जे लिहिते आहे ते नीट लिहायला हवं.

वल्ही मारताना आपण उलटे बसतो, हे मी वर लिहिलंच आहे. लिहिलं होतं, पण मला ते कळलं नव्हतं. काठापासून होडी सुटली आणि हे माझ्या समोर होते. जेवढी ओढत होते तेवढे हे लांब जात होते, पण समोरच. मला कुठे मान वळवायची नव्हती, डोळ्यांसमोरून ह्यांना हलवायचं नव्हतं. आधी चेहरा दिसत होता, मग चेहरा दिसेनासा झाला आणि शाल दिसत राहिली. खोलीत मी ह्यांना तुकड्यातुकड्यांनी बघते, जीभ, नख, थर्मामीटर, पायाची सूज. लांबून सबंध माणूस दिसला. ऊन खात बसला होता. पाय पसरलेले, डोकं मागे टेकलेलं, तोंड उन्हाकडे. हाताला सुई नव्हती. कुणी ह्यांना कूस बदलायला सांगत नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी बसायचे अगदी तसे बसले होते, फक्त कमी जागेत.

आणि मला कळलं की हा माणूस इथे आनंदात आहे. उद्या मी ह्यांना इथून उठवून भिंतीसमोर नेऊन झोपवणार, आणि हे येणार, कारण मी सांगितलंय.

सूनबाईने चादरीचं टोक का दुमडलं होतं तेही तेव्हाच कळलं. खोलीचा घोळ तिने घातलाच नव्हता.

मी वल्ही सोडून बसले. किती वेळ ते माहीत नाही. मग परत फिरले, आणि परत फिरल्यावर हे दिसेनासे झाले. जाताना माणूस समोर राहतो, त्याच्याकडे येताना मात्र पाठ करून यावं लागतं. समोर नुसतं पाणी आणि पलीकडचा काठ. मी ओरडले, "अहो, सांगा ना! घड्याळ की अंगठी?" उत्तर आलं नाही. वारा नव्हता. परत ओरडले. मान वळवून बघितलं तर हे बाकावर होते, माझ्याकडेच बघत होते, आणि गप्प होते. मला भीती वाटली. इतकी भीती वाटली की वल्हं हातातून सुटून गुडघ्यावर आपटलं. दोन हात मारायचे आणि मान वळवून बघायचं, आहेत का. परत दोन हात, परत मान. प्रत्येक वेळी होते. मी रडत होते हे गळ्यापाशी ओलं लागलं तेव्हा कळलं.

काठाला लागले, जरा धक्का बसला पण लागले. दोर बांधला. गाठ पहिल्या खेपेला बसली. बाकापाशी जाऊन विचारलं, हाक का नाही मारलीत, मी दोनदा ओरडले.

"ऐकलं मी."

"मग?"

"आलीस ना." माझ्या गुडघ्यावर जिथे वल्हं लागलं होतं तिथे हात ठेवला. "मान दुखेल आता. सुरुवातीला दुखते."

मला ह्यांचा भयंकर राग आला. नळ, फ्यूज, किल्ल्या, दोर, सगळ्याचा एकदम राग आला. म्हटलं, मला नाही शिकायचं हे. मला काहीच शिकायचं नाहीये. तुम्ही नसाल तर मी ते तळं बघायला यायचं तरी कशाला? बाकावर बसून, ह्यांच्या शालीत तोंड घालून मी लहान पोरीसारखी रडले. होडीवाला बदकं पुसत होता तो पाठमोरा होऊन तेच बदक पुसत राहिला. हे माझ्या पाठीवर थोपटत होते, आणि हात इतका हलका लागत होता.

इंजेक्शन उतरताना दुखतं हे मी किती पेशंटना सांगितलंय. एवढं दुखतं हे माहीत नव्हतं.

ताप बघितला नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार

सकाळी हे चहा घेत होते तेव्हा त्यांच्यासमोरच फोन केला. डॉक्टर मिळाले नाहीत, त्यांची सहायक होती. सांगितलं, आमचं उत्तर 'नाही' असं आहे, खाट दुसऱ्या कुणाला द्या. तिने पेशंटचं नाव परत विचारलं, खात्री करायला. परत सांगितलं. 

हे कपात बघत होते. म्हणाले, "कप्तान, मी हो म्हटलं होतं." म्हटलं, माहीत आहे. मग ह्यांनी आणखी एक कप मागितला, आणि पावाला लोणी लावून दे म्हणाले. लावून दिलं. सगळा खाल्ला.

लेकीला सांगणं सगळ्यात अवघड गेलं. तिने आधी ऐकून घेतलं, मग मला नको ते बोलली, मग फोन आपटला. तिच्या जागी मीही आपटला असता. परवापर्यंत मीच तिच्या बाजूने होते. तासाभराने परत फोन आला, की ती आणि नातू गुरुवारी इकडे येताहेत, तिथेच थांबा. म्हणजे आमचा मुक्काम वाढला. किती ते ठरवलेलं नाही. इथल्या डॉक्टरांचा पत्ता होडीवाल्याने दिला, तो गुडघ्यासाठी त्यांच्याकडेच जातो.

मान खरंच दुखते आहे. डावीकडे वळतच नाही. हे तेल चोळून देतो म्हणाले, मी नको म्हटलं, मग चोळून घेतली.

दुपारी हे झोपल्यावर मी सूनबाईकडे गेले. ती स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. मी पण एक सुरी घेऊन बसले, कारण नुसतं उभं राहून मला ते बोलता आलं नसतं. चार-पाच बटाटे झाल्यावर म्हटलं, पुढच्या सप्टेंबरची ती खोली, काकांनी सांगितली होती तीच असू दे. जिन्याजवळची.

तिने सुरी खाली ठेवली. काकू, त्या खोलीची खिडकी लहान आहे, म्हणाली. मी विचारलं, तळं दिसतं ना? हो म्हणाली, वाकून बघितलं तर दिसतं.

म्हटलं, चालेल. मला आता सवय आहे.